२०१८ ची पेट्रोल स्विफ्ट रोज चालवतो, ऑटोक्रॉसलाही उतरवायची आहे. पीयूसी न बिघडता कोणता इंटेक लावू?

तुमची स्विफ्ट रोज आर्णी ते यवतमाळ धावते, हिवाळ्यात ऑटोक्रॉसला (मैदानावर आखलेल्या वळणांच्या मार्गावर घड्याळ लावून होणारी स्पर्धा) उतरायचंय, हाताशी वीस हजार आहेत. कोन फिल्टर (डब्याशिवायचा उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर), कोल्ड एअर इंटेक (बाहेरची थंड हवा आणणारा पाईप) आणि मोठी थ्रॉटल बॉडी (पेडल दाबल्यावर इंजिनात हवा सोडणारी झडप) यांपैकी काय घेऊ, असं तुम्ही विचारलंय. माझं वणीजवळ गॅरेज आहे आणि तुमच्याच इंजिनाच्या बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्यात. माझं उत्तर असं: कंपनीचा एअर बॉक्स, म्हणजे हवेचा फिल्टर बसतो तो बंद डबा, जागेवरच राहू द्या आणि काहीही विकत घ्यायच्या आधी एक दुपार खर्चून मोजमाप करा.

आधी उष्णतेचं सांगतो, कारण आपल्याकडे सगळा खेळ तिथेच बिघडतो. कोन फिल्टर मी माझ्या स्वतःच्या गाडीला लावला होता. आवाज सुरेख यायचा आणि गाडी हलकी पळतेय असं वाटायचं. नवतपात एक दिवस ईएलएम ३२७ चा डोंगल (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून मोबाईलवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान पाहिलं. बाहेर ४४ अंश होते. गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवली तर आकडा ६८ वर गेला. कंपनीचा बॉक्स परत बसवून त्याच उन्हात रस्त्यावर पळवली तेव्हा ४६-४७ दिसत होते. हवा तापली की विरळ होते. केल्विनमध्ये हिशोब केला तर ३४१ आणि ३१९, म्हणजे प्रत्येक घोटात साडेसहा टक्के हवा कमी. तुमचं इंजिन ८३ पीएसचं (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) आहे, त्यातले पाचेक पीएस इथेच गेले. डिसेंबरात बाहेर ३० असेल, तरी बॉनेटखालची हवा तापतेच. ऑटोक्रॉसला तर नंबर येईपर्यंत गाडी रांगेत उभी असते, पंखा रेडिएटरची गरम हवा मागे फेकत असतो आणि मग एक-दीड मिनिटाची फेरी. इंजिनाच्या बाजूची हवा निवेपर्यंत फेरी संपलेली असते.

दुसरी गोष्ट धूळ. भारतातला ऑटोक्रॉस बहुतेक मातीच्या मैदानावर होतो. परदेशातले व्हिडिओ बघून लोक डांबरावरच्या कोनांचा हिशोब करतात, तो इथे लागू पडत नाही. आपली काळी माती वाळली की रांगोळीहून बारीक होते, त्यात वणीकडच्या रस्त्यांवर कोळशाच्या ट्रकांची भुकटी. मी कोन काढला तेव्हा फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाईपमध्ये पांढरं धोतराचं फडकं फिरवून बघितलं. दोन आठवड्यांत ते राखाडी झालं होतं. वीस हजार किलोमीटर पळालेल्या कागदी फिल्टरच्या गाडीत तेच फडकं फिरवलं तर जवळपास स्वच्छ निघालं. ही धूळ सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपरसारखी काम करते. एका गिऱ्हाइकाची गाडी तीन हंगाम उघड्या फिल्टरवर धावली. तेल प्यायला लागली म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) बघितलं, तर तीन सिलिंडर १७५-१८० पीएसआय आणि चौथा १३५. रिंगा घासल्या की तेल जळतं, तेल जळलं की धुरातले हायड्रोकार्बन (अर्धवट जळलेलं तेल-इंधन) वाढतात, आणि पीयूसी पुढे त्यातूनच अडकते. कोन लावलेल्या दिवशी मशीन पास म्हणेल, तीन वर्षांनी म्हणणार नाही. तेल लावलेल्या सुती जाळीच्या फिल्टरमध्ये आणखी एक भानगड आहे: तेल जरा जास्त झालं की ते पुढे उडतं. पाईपमध्ये हवा मोजणारा तारेचा सेन्सर असलेल्या गाडीत ते तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं.

आता मोजमाप. गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, फळीवर यू आकारात बांधा, दोन्ही बाजू अडीच फुटांच्या ठेवा. अर्ध्यापर्यंत पाणी भरा, त्यात थोडी नीळ टाका म्हणजे पातळी नीट दिसते. फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी यांच्या मधल्या पाईपला ब्रीदरची नळी (इंजिनाच्या पोटातला, म्हणजे क्रँककेसमधला धूर परत हवेच्या वाटेत आणणारी) जोडलेली असते. ती तात्पुरती काढा, तिच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधा आणि त्या निपलला लेव्हल पाईपचं एक टोक जोडा. माप जुळत नसेल तर ठिबकचा जॉइनर कामी येतो, मी तोच वापरतो. दुसरं टोक उघडं. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या पाईपांच्या) बाजूला चुकूनही जोडू नका. तिथला व्हॅक्यूम इतका असतो की सगळं पाणी क्षणात इंजिनात जाईल. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन ६००० आरपीएमपर्यंत न्या आणि शेजारी बसलेल्याला मोबाईलवर पाण्याचं शूटिंग करू द्या. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे इंजिनाला हवा ओढताना होणारा अडथळा.

वातावरणाचा दाब पाण्याच्या दहा मीटर उंचीइतका असतो. म्हणून ढोबळमानाने दहा सेंटिमीटर फरक म्हणजे एक टक्का ताकद. एका स्विफ्टवर मला असे आकडे मिळाले: दीड वर्षाचा जुना फिल्टर ४३ सेंटिमीटर, नवा कागदी २४, फिल्टर काढून नुसता बॉक्स १७. नव्या कागदाचा स्वतःचा अडथळा फक्त ७ सेंटिमीटर निघाला. जगातला सगळ्यात मोकळा फिल्टर लावला तरी अर्धा-पाऊण पीएस मिळेल. बॉक्स, पाईप सगळंच हवेत विरून गेलं असं धरलं तरी दोन पीएस. आणि गरम हवेने पाच जातात. हे तीन आकडे पाहिल्यापासून मी गिऱ्हाइकाला कोन फिल्टर लावून द्यायचं बंद केलं.

बॉक्स ठेवूनच करण्यासारखं मात्र बरंच आहे. हंगामाआधी नवा कागदी फिल्टर टाका, आणि मातीवर दोन दिवस घासल्यावर तो काढून बघाच. झाकणाच्या क्लिपा आणि रबरी कड तपासा. कड एका जागी जरी दबली नसेल तरी धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. हवा ओढणारं तोंड कुठे उघडतं ते शोधा आणि इंजिनाकडची हवा तिथे पोचू नये म्हणून फोमची पट्टी लावून फट बुजवा. थ्रॉटल बॉडीवर काळा थर असेल तर योग्य स्प्रेने साफ करून आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिन किती वेगाने फिरावं ते, गाडीच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवून घ्या. एवढं मिळून हजार-दीड हजारात होतं.

मोठी थ्रॉटल बॉडी नकोच. सुरुवातीच्या थोड्याशा पेडलला गाडी जास्त उसळते, म्हणून ताकद वाढल्यासारखं वाटतं. मातीच्या वळणावर तुम्हाला नेमकं उलटं हवं असतं, पेडल बारीक देता आलं पाहिजे. तुमच्या इंजिनाचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर, तो ४२०० आरपीएमला येतो, आणि वळणातून निघताना गाडी साधारण त्याच पट्ट्यात असते. रुंद पाईप टाकून तो वर सरकवलात तर फेरीचा वेळ वाढेल.

बंपरमध्ये खाली फिल्टर नेणारा कोल्ड एअर इंटेक हवा थंड देतो, हे खरं. पण जुलैत रपट्यावरून पाणी वाहत असताना तुम्ही त्यावरून गाडी घालणार. फिल्टर बुडला की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. रोज गावाकडच्या रस्त्याने जाणाऱ्याने हे करू नये, एवढं मी हात जोडून सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. काही इंटेकच्या पाकिटावर कार्बचा क्रमांक असतो, तो कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण मंडळाचा, ठरावीक गाडी आणि ठरावीक मॉडेल वर्षासाठीचा. आपल्या आरटीओत त्याला अर्थ नाही. तुमची गाडी बीएस ४ (भारत स्टेज ४, प्रदूषणाचं मानक), म्हणजे पीयूसीला आयडलवर कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड आहे. म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग), ब्रीदरची नळी आणि पेट्रोलच्या वाफेचा कॅनिस्टर यांना हात लावू नका. ब्रीदर काढून तिथे छोटा फिल्टर लावतात, तो दिसायला छान, पण क्रँककेसचा धूर सरळ बाहेर सोडतो. मोजमाप झालं की ती नळी आठवणीने परत जोडा. स्पर्धेची नियमावलीही आधी मागवा. तुमच्या वर्गात इंटेक बदलायला मुभा नसेल तर सगळा खर्च वाया.

उरलेले अठरा हजार टायर, अलाइनमेंट, ब्रेक पॅड आणि ताज्या ब्रेक ऑइलवर घाला. मोजून झालं की जुना फिल्टर, नवा फिल्टर आणि फिल्टरशिवाय असे तीन आकडे इथे लिहा. फिल्टरशिवायचा आकडा २५ च्या वर आला तर कुठेतरी नळी दबलेली किंवा तोंड अडलेलं असेल, ते कुठे शोधायचं ते सांगतो.