'अस्सल घरगुती' हे नाव की विशेषण?

सांगलीकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "मी आणि माझी धाकटी जाऊ कांदा-लसूण मसाला करून विकतो. आता पाकिटं छापायची आहेत. 'अस्सल घरगुती मसाले' असं नाव ठरलंय. त्याखाली 'ब्रँड' लिहिण्याऐवजी 'नाममुद्रा' लिहिलं तर चालेल का? आणि 'घरगुती' बरोबर की 'गृहउद्योग'?"

आधी 'ब्रँड'चं बघू. 'नाममुद्रा' शब्द नीट घडवलेला आहे, अर्थविषयक लेखांत तो खपूनही जातो. पण "कोणत्या नाममुद्रेचा मसाला देऊ?" असं विचारणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे. बाजारात त्यासाठी जुना, रांगडा शब्द होताच: छाप. नाहीतर मार्का. गिऱ्हाइकाला अक्षर लागो न लागो, चित्र ओळखू यायचं. म्हणून बिडीपासून काडेपेटीपर्यंत सगळीकडे हत्ती, घोडे आणि उंट दिसायचे. दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ साली शाईचा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांचा माल 'हॉर्स ब्रँड' नावाने जायचा. पुढे घोड्याच्या जागी उंट आला, आणि 'कॅमल' व 'इंक' मिळून 'कॅमलिन' झालं. आता घोड्याचा किंवा उंटाचा शाईशी काय संबंध? काहीच नाही. हा 'काहीच नाही' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'छाप' मात्र आज पाकिटावर लिहू नका. 'अंगठाछाप', 'टपोरीछाप' यांनी त्या शब्दाची रया घालवली. खरं तर 'ब्रँड', 'छाप', 'नाममुद्रा' यातलं काहीच लिहायची गरज नाही. नाव ठळक छापलं की तेच ब्रँड. मराठीत तर ब्रँडचा सगळा कारभार 'नाव' हा एकच शब्द सांभाळतो. माणूस नाव कमावतो, पोरगं नाव काढतं, दुकान नावारूपाला येतं, दुसरी पिढी नाव बुडवते. 'ब्रँड बिल्डिंग'ची शिबिरं घेणारे यापेक्षा वेगळं काही शिकवत असतील असं वाटत नाही.

तर प्रश्न असा, की 'अस्सल घरगुती मसाले' यात नाव कुठे आहे? अस्सल हे विशेषण, घरगुती हेही विशेषण, आणि मसाले ही वस्तू. नावाची जागा रिकामीच.

'अस्सल' शब्द अरबीतून आला आणि आपल्याकडे कचेरीत रुळला. मूळ दस्त तो अस्सल, त्यावरून उतरवून घेतलेला तो नक्कल. सातबाऱ्याची 'नक्कल' आपण अजून काढतोच. म्हणजे समोर नक्कल असेल तरच अस्सलला अर्थ. तुमचं पाकीट आत्ता बाजारात येतंय, त्याची नक्कल अजून कोणी केलेली नाही, मग अस्सल कशाच्या तुलनेत?

'घरगुती'ची गंमत आणखी वेगळी आहे. वीजबिलावर 'घरगुती' म्हणजे व्यावसायिक नव्हे ते. घरगुती गॅसचं तसंच. घरगुती गणपती म्हणजे सार्वजनिक नव्हे तो. घरगुती भांडण म्हणजे बाहेरच्यांनी नाक खुपसू नये असं. या सगळ्यांत घरगुती म्हणजे घरापुरतं, धंद्याचं नसलेलं. पण कोकणात जाताना हमरस्त्यावर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी दिसते. तिथे तो शब्द जागा सांगत नाही, चव सांगतो. जेवण चाळीस ताटांच्या खाणावळीत शिजलेलं असतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. खाण्याच्या धंद्यात 'घरगुती'चा अर्थ असा जवळजवळ उलटा झाला. माझ्या मते हा बदल पूर्ण झालेला आहे, त्यावर व्याकरणाची काठी उगारण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच तो शब्द आता कोणा एकीचा राहिलेला नाही. कुठल्याही किराणा दुकानात फळीवर नजर टाका, दर दुसऱ्या पाकिटावर घरगुती असतंच.

कायदाही, थोड्या रुक्ष भाषेत, हेच म्हणतो. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याचं नववं कलम सांगतं, की वस्तूचा प्रकार, दर्जा किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगणारे शब्द व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, म्हणून नोंदवता येत नाहीत. दीर्घ वापराने त्या शब्दाला वेगळी ओळख मिळाली असेल तर गोष्ट निराळी. 'कोल्हापुरी', 'शुद्ध', 'अस्सल' हे सगळे त्यात अडकतात. वर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे दावे आणि जाहिरातींबद्दलचे २०१८चे नियम आहेत. नावातच 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'पारंपरिक', 'अस्सल' अशी विशेषणं असली आणि त्यांनी गैरसमज होण्यासारखा असला, तर 'हे केवळ नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे' अशा अर्थाची ओळ पाकिटावर छापावी लागते, आणि तीही किमान ३ मिलिमीटर अक्षरांत. स्वतःच्या मसाल्याला अस्सल म्हणायचं आणि खाली तसं नसल्याचा खुलासा करायचा! घरी केलेलं असल्याचा चुकीचा समज करून देणाऱ्या शब्दांवरही त्या नियमांचा डोळा आहे. तुम्ही खरंच घरी करता, तोवर ठीक. उद्या गाळा घेऊन चार बायका कामाला लावल्यात, की तोच शब्द अडचणीचा.

मग नाव कसं असावं? घोडा-उंटाचं 'काहीच नाही' इथे कामी येतं: नाव मालाचं नुसतं वर्णन करत नसलं, की ते तुमचं एकटीचं होऊ शकतं. अर्थाचा शब्द घ्यायचाच, तर जरा वेगळा करून. लिज्जतचं बघा. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. नाव मात्र १९६२मध्ये ठरलं, पाच रुपयांचं बक्षीस लावून. मराठीत आपण 'लज्जत' म्हणतो, गुजराती वळणाने ते 'लिज्जत' झालं. त्या एका वेलांटीने शब्द ओळखीचाही राहिला आणि त्यांच्या एकट्यांचाही झाला.

तुमच्याकडे तर शब्द आयता आहे. दोघी जावा मिळून करता ना? मग 'दोघी जावा' काय वाईट आहे? कोणाला फटफटीची जावा आठवेल. आठवू दे. बोलताना जावांचा 'ज' 'जाड'मधल्यासारखा, फटफटीचा 'जगात'ल्यासारखा. देवनागरीत मात्र दोन्ही एकच, ही आपल्या लिपीची जुनी खोड. व्यापारचिन्हाच्या नोंदणीतही मालाचे वर्ग असतात: वाहनं १२व्या वर्गात, मसाले ३०व्या. उद्या लोणचं काढलंत तर ते २९व्या. तरी अर्जाआधी नोंदवहीत शोध घ्याच. व्यक्तीच्या किंवा लघुउद्योगाच्या नावाने ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी १० वर्षांची असते, पुढे वाढवता येते.

विशेषणं टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती नावाखाली येऊ देत, पण जरा नेमकी. 'अस्सल'पेक्षा 'डंकावर कुटलेला' कितीतरी जास्त सांगतं. मिरची दळून नव्हे तर डंकाच्या यंत्रात कांडून घेतली आहे, हे ज्याला कळायचं त्याला लगेच कळतं. वस्तूचं नावही तपासा. तुमच्याकडे आणि कोल्हापुराकडे त्या लाल मसाल्याला सरळ 'चटणी' म्हणतात. पुण्याच्या गिऱ्हाइकाने 'चटणी' वाचून पाकीट घेतलं, तर तो ती डोशाबरोबर वाढून घेईल आणि मग तुम्हाला फोन करील. गावात विकताना 'चटणी', बाहेर पाठवताना 'कांदा-लसूण मसाला' असं ठेवा. आणि 'लसूण'मधला 'सू' दीर्घ आहे, छापखान्यातून हमखास 'लसुण' होऊन येतं.

राहिला 'गृहउद्योग'. तो मसाल्याचं नव्हे, तुमच्या संस्थेचं वर्णन करतो, म्हणून त्याची जागा मागच्या बाजूला, पत्ता आणि अन्नसुरक्षेचा १४ आकडी क्रमांक असतो तिथे. संधी करून 'गृहोद्योग' लिहिणारे आहेत, जोडून 'गृहउद्योग' लिहिणारे आहेत. लिज्जतच्या संस्थेच्या नावात 'गृह उद्योग' असं तोडून आहे. तिन्हीला अर्थ लागतो. कोणतंही एक घ्या, फक्त पाकिटावर एक, पावतीवर दुसरं आणि बँकेच्या खात्यावर तिसरं असं होऊ देऊ नका.