वाळूजमधल्या आमच्या छोट्या कारखान्यात कामगारांनी सुरक्षेचे नियम मनापासून पाळावेत, यासाठी काय करावं?

धोका दिसला की मशीन बंद करायची मुभा कामगाराला द्या आणि त्यासाठी त्याला कुणी बोलणार नाही, हे मालकाने सगळ्यांसमोर सांगून पाळावं. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात, सुपरवायझर म्हणून मी बघतो ते असं: दोन्ही हात डायच्या (पत्रा दाबणाऱ्या साच्याच्या) बाहेर राहावेत म्हणून पॉवर प्रेसला एकदम दाबायची दोन बटणं असतात, पण तासाचं टार्गेट गाठायला त्यातलं एक टेप लावून दाबून ठेवतात. पोस्टर लावून ती टेप निघत नाही. टार्गेट झेपेल एवढं करा आणि एक बटण अडकवलं तर प्रेसचा स्ट्रोकच (दाबच) पडणार नाही अशी वायरिंग करून घ्या. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी सुरक्षा समिती आली, तीही कामगार आणि व्यवस्थापनाचे सारखे प्रतिनिधी असलेली. तुमच्यावर सक्ती नसली तरी तशी समिती नेमा. कंत्राटी पोरांना तर घ्याच, सगळ्यात जोखमीचं काम बहुतेक त्यांच्याच वाट्याला येतं. फक्त ‘इतके दिवस अपघात नाही’ म्हणून बक्षीस ठेवू नका. बक्षिसापायी बोट चेपलेला माणूस चिंधी बांधून गप्प बसतो. थोडक्यात टळलेला अपघात जो येऊन सांगेल, त्याचं कौतुक करा.