बर्लिनचं अस्वल आणि 'वापन'ला मराठी शब्द

प्रश्न असा आलाय की जर्मनमधल्या 'वापन'ला, म्हणजे इंग्रजीतल्या कोट ऑफ आर्म्सला, मराठीत राजमुद्रा म्हटलं तर चालेल का, आणि बर्लिनच्या वापनवर अस्वल आहे ते शहराच्या नावातच अस्वल आहे म्हणून का.

आधी शब्द बघू. वापन आणि वाफन (म्हणजे शस्त्रं) हे मुळात एकच. दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये जुन्या प चा फ झाला, इंग्रजीत शिप तर जर्मनमध्ये शिफ, तसंच वेपनचं वाफन. पण उत्तरेकडच्या बोलींत प तसाच राहिला आणि तिकडचं रूप सरदारांच्या ढालीवरच्या चिन्हासाठी रूढ झालं, म्हणून आज एकाच शब्दाची दोन रूपं दोन अर्थांनी नांदतायत, मला तर ही जोडी फार आवडते. शिरस्त्राणात तोंड झाकलं की माणूस ओळखायचा कसा, तर ढालीवरच्या चित्रावरून. म्हणजे वापन हे मुळात ढालीवरचं चिन्ह आहे.

मुद्रा म्हणजे ठसा, कागदावर उमटवायचा. शिवाजी महाराजांची राजमुद्रा डोळ्यापुढं आणा, अष्टकोनात नुसती अक्षरं आहेत, चित्र नाहीच. त्यामुळं वापनला राजमुद्रा नको. घराण्याचं असेल तर कुलचिन्ह आणि शहराचं असेल तर सरळ नगरचिन्ह म्हणा. बोधचिन्ह पण टाळा, ते ऐकलं की लोगो आठवतो.

आता अस्वल. बर्लिन हे नाव स्लाव्ह (म्हणजे रशियन, पोलिश ज्या कुळातल्या) भाषेतलं, दलदल या अर्थाच्या 'बर्ल' वरून आलेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. उच्चार ऐका, जोर शेवटच्या 'लिन'वर येतो, जर्मनीतल्याच श्वेरिन शहरासारखा, तेही स्लाव्ह नाव. जर्मनमध्ये अस्वलाला बेअर म्हणतात, त्याचं लाडकं रूप बेअरलाइन, पण त्यात जोर पहिल्या अक्षरावर असतो. म्हणजे अस्वलावरून नाव नाही, नावाच्या आवाजावरून अस्वल आलं. अशा चिन्हांना जर्मनमध्ये बोलकी चिन्हंच म्हणतात, आपल्या 'बोलकं' या शब्दात ते किती नेमकं बसतं बघा. म्युनिकच्या चिन्हावर साधू आहे तोही बोलकाच, फक्त तिथं नाव खरंच साधूंवरून पडलंय.

शहराच्या १२५३ च्या मुद्रेत (इथं मुद्राच म्हणायचं, कारण तो ठसा आहे) अस्वल नाही, फक्त ब्रांडेनबुर्गचा, म्हणजे बर्लिन ज्या राज्यात होतं त्याच्या सत्तेचा, गरुड आहे, १२८० च्या मुद्रेत गरुडाच्या दोन्ही बाजूंना दोन अस्वलं आली. मग ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर (सम्राट निवडायचा हक्क असलेला राज्यकर्ता) फ्रीडरिश दुसरा यानं १४४० च्या दशकात शहराचे हक्क काढून घेतले, आणि १४६० च्या मुद्रेत गरुड थेट अस्वलाच्या पाठीवर नखं रोवून बसलाय, हे चित्र बघताना खरंच वाईट वाटतं. अस्वलाच्या गळ्यात पट्टा पण असायचा, तो १८७५ साली गेला. आजचं नगरचिन्ह १९५४ साली पश्चिम बर्लिननं घेतलं, चंदेरी ढालीवर मागच्या पायांवर उभं काळं अस्वल, जीभ नि नखं लाल, वर पानांचा सोनेरी मुकुट, आणि जर्मनी एक झाल्यावर तेच अख्ख्या बर्लिनचं झालं.