हॉलमधलं ते काळं चित्र

प्रश्न: म्हापशाला जुनं घर घेतलं, त्यात फ्रेममधे एक काळं-पांढरं प्रिंट मिळालं. दोन-तीन माणसं एकाचं प्रेत चादरीतून खाली उतरवतायत, चेहरे कुऱ्हाडीने तोडल्यासारखे, बाजूला एक बाई डोकं धरून बसलीय. खाली पेन्सिलने ७/३० आणि सही, पण ती वाचता येत नाही. बायको म्हणते असलं हॉलमधे नको. काय असेल हे?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: वर्णनावरून तरी येशूला कबरीत ठेवतायत तो प्रसंग वाटतो. बायबलमधे अरिमथाईकर योसेफ स्वतःसाठी खडकात खोदलेली नवी कबर देतो आणि निकदेम गंधरस नि अगरू घेऊन येतो, तेव्हा चादर धरणारे बहुतेक हेच दोघं, आणि बाई म्हणजे आई मरिया नाहीतर मग्दालीया. गुड फ्रायडेला आपल्याकडे क्रुसावरून उतरवलेली मूर्ती खांद्यावरून नेतात ती तुम्ही बघितलीच असेल, त्याच्याच पुढचं हे.

आता चेहरे असे का, तर चित्रकाराला जमलं नाही म्हणून नाही हो. हे बहुतेक वुडकट असावं, म्हणजे लाकडाच्या ब्लॉकवर चित्र कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं. लाकडावर कोरताना जेवढं काढाल तेवढं पांढरं, राहील ते काळं, आणि लाकडाच्या रेषांना आडवी पटाशी गेली की लाकूड फुटतं, मग गोल गाल बाजूलाच राहतो आणि कोपरे येतात. १९०५ मधे जर्मनीत ड्रेस्डेनला 'ब्रुके' हा चित्रकारांचा ग्रुप निघाला, त्यांनी हेच फुटणं मुद्दाम वापरलं. त्यातला श्मिट-रॉटलुफ पहिल्या महायुद्धात पूर्व आघाडीवर होता आणि १९१८ मधे त्याने ख्रिस्तावर नऊ वुडकट केले, एवढी माणसं मेलेली बघून आल्यावर तो गुळगुळीत येशू कुठून काढणार! पण लगेच तुमचं प्रिंट त्याचं समजू नका, ही पद्धत नंतर सगळीकडे पसरली.

७/३० म्हणजे तीस प्रतींतली सातव्या नंबरची. भिंगातून बघा, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर साधी ऑफसेट छपाई, आणि ठिपके नसून काळ्याच्या कडेला शाई किंचित जाड आणि मागून कागद दाबलेला लागला तर ब्लॉकवरून काढलेलं असण्याची शक्यता जास्त.

माझं विचाराल तर हॉलमधेच लावा, वहिनींना समजवा, फक्त पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नको. कागदावर तपकिरी ठिपके पडायला एक पावसाळा पुरतो. काच कागदाला टेकलेली असेल तर मधे अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे अ‍ॅसिड नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या, आणि फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका, सही नि आकडे तिथेच आहेत.