मगरीच्या पाठीवरच्या हाडांच्या चकत्या फक्त चिलखतासाठी असतात का? खवल्या मांजराचे खवलेही तसलेच का?

दुसरा प्रश्न आधी उरकतो. नाही. खवल्या मांजराचे खवले आपल्या नखांच्या जातीचे, केराटिनचे. त्यात हाड नावालाही नसतं. कासवाचं कवच बहुतेक बरगड्या आणि मणक्यांचंच. कातडीतच हाड वाढलेलं बघायचं तर मगर, नाहीतर अमेरिकेतला आर्माडिलो.

परभणीत प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं होतो. कपाटात मगरीची एक जुनी चकती होती. नाव चकती, पण चौकोनी, मधोमध उभी धार. वरचं अंग टाकी लावलेल्या पाट्यासारखं, खड्डेच खड्डे. पोरं म्हणायची, "सर, ही किडलीय." मग मी ती उलटी करून खालची बारीक भोकं दाखवायचो. जिवंतपणी तिथून रक्तवाहिन्या आत शिरतात. नुसत्या चिलखताला एवढं रक्त कशाला लागतं?

एक काम उन्हाचं. हिवाळ्यात मगर काठावर पाठ शेकत पडते, तेव्हा चकत्यांतलं रक्त तापून अंगभर फिरतं.

दुसरं मला जास्त भारी वाटतं. घरातल्या शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं तर काय होतं? चुन्याचा दगड आंबट मारतो, पण स्वतः झिजतो आणि डाग राहतो. मगर दम धरून पाण्याखाली राहिली किंवा झटापट केली की ऑक्सिजन अपुरा पडतो आणि रक्तात दुग्धाम्ल साचतं. तेव्हा या चकत्या फरशीचं काम करतात. हाडातले क्षार आम्ल मारतात, शिवाय थोडं आम्ल हाडात जाऊन बसतं. दक्षिण अमेरिकेतल्या रुंद तोंडाच्या केमनला, म्हणजे मगरीच्याच एका जातभाईला, पाण्याखाली दाबून ठेवलं, तेव्हा त्याच्या चकत्यांत दुग्धाम्ल साठलेलं सापडलं. प्रयोग क्रूरच, पण उत्तर मिळालं. अंड्यांच्या कवचाला लागणारं कॅल्शियमही मादी यातून काढत असावी, असं अभ्यासक मानतात.

चिलखत तर आहेच. मगरी आपसात भांडतात तेव्हा कामी येतं. पण ते पाठीला. आपल्या मगरीचं पोट मऊ, म्हणून कातडीच्या धंद्यात पोटाच्या कातड्याला भाव. केमनच्या पोटाच्या कातडीतही हाडं, त्यामुळे त्याचं कातडं व्यापारी हलकं धरतात.