आबाजींची पेटी आणि खाचांची काठी

प्रश्न : काका, नमस्कार. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावचे वाढई, म्हणजे सुतार होते. यंदा घरात वाटण्या झाल्या. वावर भावांनी घेतलं. आबाजींची अवजारांची पेटी कुणालाच नको होती, ती मी उचलली. वीस वर्षं ती कोठ्यात कुटाराखाली (गुरांच्या कोरड्या भुश्याखाली) पडून होती. आत एक वाकस (लाकूड तासायचं अवजार), दोन लाकडी रंधे, पाच पटाश्या, गिरमिट, गुण्या आणि एक करवत आहे. करवतीचे दाते उलटे, मुठीकडे वळलेले आहेत. सगळ्यावर गंज चढलाय. वाकसाचा दांडा घुणाने खाल्लाय. एका पटाशीवर इंग्रजीत ‘कास्ट स्टील’ असं कोरलेलं आहे, म्हणजे ती बिडाची का? शेजारच्या दादांनी एक पटाशी ग्राइंडरवर धरून पाहिली तर तिचं टोक निळं पडलं. ते म्हणतात, बॅटरीचं ॲसिड लावा नि वरून ऑइल पेंट मारा. भंगारवाला किलोवर मागतोय. पेटीत हातभराहून लांब, खाचा पाडलेली एक काठीही आहे. टोकापासून मोजलं तर बारा इंचांवर एक खाच, अठरावर एक, आणि पुढे आणखी दोन. ती कुजकट दिसते, चुलीत घातली तर चालेल ना? मला ही अवजारं शोभेला ठेवायची नाहीत. शाळा सुटल्यावर थोडं सुतारकाम शिकावं असं मनात आहे.
– एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी ती काठी चुलीपासून लांब नेऊन ठेवा. बाकीचं निवांत बोलू.

ती तुमच्या आबाजींची मापाची काठी आहे. टेप खिशात येण्याआधी गावचा वाढई इंच मोजत बसत नसे, खाच लावून खूण करत असे. तुमच्या मोजमापावरून माझा अंदाज सांगतो. अठरा इंच हे तिफणीच्या दोन फणांमधलं अंतर असावं आणि बारा इंच ही डवऱ्याच्या पासेची, म्हणजे तण काढायच्या पात्याची लांबी. अठरातून बारा गेले की सहा उरतात, म्हणजे रोपाच्या ओळीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच मोकळे. पास त्याहून लांब झाली तर तण जायच्या ऐवजी पिकाची मुळं तुटतात. म्हणून पेरायचं औत आणि डवरायचं औत एकाच मापात बसावं लागतं, आणि गावातल्या सगळ्या औतांचं ते माप वाढयाच्या पेटीत असतं. पुढच्या दोन खाचा कशाच्या, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. गावात कुणाच्या कोठ्यात जुनी तिफण, जू किंवा बंडीचं चाक पडलेलं असेल तर काठी त्याला लावून पाहा. म्हातारी माणसं अजून आहेत तोवर हे काम उरकून घ्या.

एवढ्या कळकळीने सांगतोय, कारण माझ्या हातून हे झालेलं आहे. माझे वडीलही वाढई. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायला लागलो, नवा उत्साह होता. त्यांची काठी घेतली, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली, वरून वॉर्निश मारलं आणि बैठकीत खिळ्याला टांगली. खाचा उथळ होत्या, घासण्यात गेल्या. वडिलांनी काठी हातात घेतली, अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, “आता हिला कुत्रं हाकलाले ठेव.” तेव्हापासून जुनं अवजार हातात आलं की आधी एक दिवस मी त्याला नुसतं न्याहाळतो. कुठे झिजलंय, कुठे खूण आहे, मूठ कुठल्या बाजूने खोल गेलीय, हे सगळं वहीत उतरवतो. तुम्हीही तसंच करा आणि फोटोही काढून ठेवा. गंज काढणं फार अवघड नाही, पण हाताने झिजलेली खूण एकदा गेली की परत आणता येत नाही.

आता गंज. बॅटरीचं ॲसिड अजिबात नको. ते चांगलं लोखंडही खातं आणि हात भाजतं. ऑइल पेंटचं तर नावच काढू नका. आधी सगळी पाती दांड्यापासून सोडवा. एक रात्र डिझेलमध्ये बुडवून ठेवा, घराबाहेर, चुलीपासून दूर. पूर्वी रॉकेल वापरायचो, पण ते रेशनवर मिळायचे दिवस गेले. सकाळी तारेच्या ब्रशने घासलं की वरचा तांबडा गंज निघून येतो. तरीही खवले राहिले तर डिझेल साबणाने धुऊन टाका आणि चिंच वापरा. दोन-तीन मुठी चिंच कोमट पाण्यात कोळून प्लास्टिकच्या टबात पातं बुडवा. जर्मनचं भांडं घेऊ नका, चिंच त्यालाही खाते. दर दोन तासांनी काढून बघायचं. विसरून दोन दिवस ठेवलं तर लोखंड खडबडीत होतं. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करा आणि मशीनचं तेल चोळा. हे काम श्रावणात काढू नका, पुसेपर्यंत पुन्हा तांबडं होतं. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात मात्र बाजूला ठेवल्या ठेवल्या सुकतं. हे फक्त लोखंडाचं बरं का. रंधे उन्हात ठेवाल तर तडकतील.

‘कास्ट स्टील’वाली पटाशी बिडाची नाही. उलट तुमच्या पेटीतला तो दागिना समजा. इंग्लंडमधल्या शेफिल्डला 1740च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून ओतायची रीत बसवली. त्या मुशीतल्या पोलादाला ‘कास्ट स्टील’ म्हणत, आणि अवजारांवर तसा शिक्का मारत. बिडाला धार धरत नाही, याला धरते. तुमच्या आबाजींनी ती कशी मिळवली असेल कोण जाणे, पण वाढई माणसाला असल्या पटाशीचं मोल कळतं. वाकस मात्र बहुधा गावच्या लोहाराने केलेला असेल. धारेजवळ नीट घासून पाहा. मऊ लोखंडाला जोडलेली पोलादाची पट्टी असेल तर ती वेगळी चमकते, मध्ये एक रेघ दिसते. ती रेघ धारेच्या किती जवळ आलीय, त्यावरून वाकसाचं किती आयुष्य उरलंय ते कळतं.

निळ्या टोकाचं सांगतो. पोलाद तापत गेलं की साधारण 230 अंशांला वाळल्या गवतासारखं पिवळं दिसतं, 300च्या आसपास निळं. निळं झालं म्हणजे त्या जागचं पाणी (कडकपणा) उतरलं, धार टिकणार नाही. पण घाबरू नका, बहुतेक वेळा टोकाचा थोडासाच भाग जातो. निळा भाग संपेपर्यंत हाताने, पाणी लावत दगडावर झिजवा. वेळ लागेल. शेजारच्या दादांना चहा पाजा, पण ग्राइंडर त्यांच्याच घरी राहू द्या.

धार लावायला आधी पटाशीची सपाट बाजू सरळ करावी लागते, आणि लोक नेमकं हेच टाळतात. जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर पसरा, 220चा, मग 400, मग 1000. त्यावर सपाट बाजू घासत राहा. धारेलगतचा दोन बोटं भाग एकसारखा चमकला की पुरे, पुढचे खड्डे राहिले तरी बिघडत नाही. मग उतरती बाजू 25 ते 30 अंशांत. धार आली की नाही हे अंगठ्याने बघू नका. संत्र्याच्या पेटीची मऊ फळी घ्या आणि तिच्या टोकाचं, आडव्या रेषांचं लाकूड सोला. गुळगुळीत सालपट निघालं तर धार आली. भुगा पडला तर परत दगडावर. मऊ लाकूड बोथट पटाशीची लाज लगेच काढतं.

करवत उलटी नाही, ती ओढून कापायची आहे. आपले जुने वाढई जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करत. बसलेल्या माणसाला ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं, शिवाय ओढताना पातं ताणलेलं राहतं, वाकत नाही. कुणी दाते फिरवून देतो म्हणालं तर देऊ नका.

वाकसाच्या दांड्याला सागवान घेऊ नका. दारा-खिडक्यांना त्याच्यासारखं लाकूड नाही, पण ठोके सोसणाऱ्या दांड्याला ते कुचकामी. तिवस किंवा धावडा उत्तम. नाही मिळाला तर धुऱ्यावरच्या बाभळीची सरळ, पुरती वाळलेली फांदी, रेषा टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या. आणि घुणाने खाल्लेला जुना दांडा फेकू नका, तोच नमुना आहे. लांबी आणि बाक त्याच्यावरून उचला. पांढऱ्या कागदावर आपटून बघा. ताजं पीठ पडलं तर घूण जिवंत आहे, मग तो पेटीत इतर लाकडांजवळ ठेवायचा नाही.

दांड्यांना जवसाचं तेल द्या, पातळ हात, मधे आठवडाभर सुकू देऊन. सरकीचं किंवा शेंगदाण्याचं तेल चिकट राहतं, त्यावर धूळ बसते. एक धोका मात्र लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते सुकताना आपोआप तापतात, पेट घेऊ शकतात. वापरलेलं फडकं बाहेर मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. कुटाराच्या कोठ्यात तर हे काम करूच नका.

पहिलं काम म्हणून टेबल-खुर्ची काढू नका. तान्ह्या पोळ्याला शाळेतल्या एखाद्या पोरासाठी लाकडी बैल करा. वाकसाने ढोबळ आकार, पटाशीने कान आणि वशिंड. पहिला बैल कुत्र्यासारखा दिसेल. माझाही तसाच झाला होता.

आणि त्या दोन खाचा कशाच्या निघाल्या, ते मला जरूर कळवा.

प्रश्न : आजोबांची टिकास (टिकाव) दांड्यात सारखी ढिली होते. मी रात्री हौदात बुडवून ठेवतो, सकाळी घट्ट होते. पण दुपारी पुन्हा तेच. काय चुकतंय?
– एक शेतकरी, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, हौदच चुकतोय. लाकूड पाण्याने फुगतं, पण नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या छिद्रात, फुगायला जागा नसते, म्हणून आतले तंतू चेपले जातात. उन्हात सुकल्यावर ते आधीपेक्षा बारीक होतात. म्हणजे दर रात्री तुम्ही दांडा थोडा थोडा लहान करताय. त्यात आपल्याकडचा मे महिना.

दांडा काढा, आठ-पंधरा दिवस सावलीत पुरता वाळू द्या. नेढ्यातून जाणाऱ्या टोकाला करवतीने एक चीर द्या, नेढ्याच्या दोन-तृतीयांश खोल. मग बाभळीच्या वाळल्या तुकड्याची पाचर तेलात नाही, पाण्यात नाही, कोरडीच ठोका. वर आलेलं टोक पाव इंच शिल्लक ठेवून कापा आणि तेवढ्या टोकाला दोन-तीन दिवस जवसाचं तेल पाजत राहा. पाचर नीट बसवूनही ढिली झाली तर दांडाच नवा करा. जुन्याचे तंतू आता चेपून गेलेले आहेत, त्यात पाचरीवर पाचर ठोकली तर काम करता करता टिकास सुटून समोरच्याच्या अंगावर जाईल.