टेम्पुरा म्हणजे आपली भजीच का?

प्रश्न: ताई, मी इंदूरच्या रामबागेत राहते. मुलगा नोकरीसाठी ओसाकाला असतो, सुट्टीत आला तेव्हा त्याने टेम्पुरा करून खाऊ घातला. मला तर ती सरळ भजीच वाटली, बेसनाऐवजी मैदा एवढंच. तो म्हणतो आई, हा जपानचा जुना पारंपरिक पदार्थ आहे, आणि करी पण म्हणे त्यांचीच! हे सगळं त्यांनी आपल्याकडून घेतलं का?

उत्तर: काकू, भजीचं नाही, करीचं हो, पण तीसुद्धा इंग्रजांच्या हातून. पोर्तुगीज जपानला पोचले 1543 मध्ये, आणि त्यांच्यात घेवड्याच्या शेंगा पिठात बुडवून तळायची पद्धत होती. चर्चचे काही उपवासाचे दिवस असायचे, मांस चालायचं नाही, त्या दिवसांच्या 'तेंपोरा' ह्या लॅटिन नावावरून टेम्पुरा शब्द आला असं बरेच जण मानतात. म्हणजे उपवासाचाच पदार्थ बघा! 1639 मध्ये पोर्तुगीजांना हाकललं पण तळण राहिलं, नागासाकीचा कास्तेला केक राहिला, आणि ब्रेडला जपानीत आजही 'पान' म्हणतात, जो आपल्या पावाचा सख्खा भाऊ.

करी गेली मेजी काळात, म्हणजे 1868 नंतर. इंग्रजांनी आपल्या मसाल्यांची डबाबंद पावडर केली, ते लोणी-मैदा परतून रस्सा दाट करायचे, तोच प्रकार जपानी नौदलाने उचलला आणि भातावर घालून खायला लागले, म्हणून मुलाच्या करीला गोडसर दाटपणा असतो, आपल्या फोडणीचा वास नसतो. पण एक करी थेट आपल्या माणसाच्या हातची आहे आणि ती गोष्ट मला फार जवळची वाटते. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 मध्ये इंग्रजांपासून लपत जपानला गेले, टोकियोत शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीवाल्या सोमा कुटुंबाने त्यांना आसरा दिला, पुढे त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, लग्न झालं. 1927 मध्ये तिथे त्यांची भारतीय पद्धतीची चिकन करी मिळायला लागली आणि आजही मिळते. मुलाला टोकियोला गेला की तिथे जरूर जा म्हणावं.

तरी मुलगा चुकीचा नाही हो काकू. आपली साबुदाण्याची खिचडीच घ्या, इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊ बाजारात, बारालाही गर्दी असते तिच्यासाठी. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं, बरंचसं पोर्तुगीजांच्या जहाजांतून. तरी एकादशीला तिला परकी कोण म्हणतं? टेम्पुरा तर एडोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, रस्त्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच टपऱ्यांवर विकला जात होता.

घरी करताना बर्फाचं पाणी घ्या, पीठ फार फेटू नका, गुठळ्या राहिल्या तरी चालतील, भजीसारखं घोटलं की कुरकुरीत होत नाही. शाकाहारी असाल तर सोबतच्या सॉसकडे लक्ष द्या, त्यात बहुतेक वेळा सुकवलेल्या मासळीचं पाणी असतं, त्याऐवजी कोंबू नावाचं समुद्री शेवाळ किंवा सुके शिताके मशरूम भिजवून ते पाणी वापरतात, मुलाकडून पाकीट मागवून घ्या. आणि थंडीत गराडू, म्हणजे आपला तो तळून खायचा कंद, आला की अर्धवट उकडून, पातळ काप करून त्याचा टेम्पुरा करून बघा, वरून आपला जिरावण मसाला.